कॉलरचा टी-शर्ट: आधी उलटा करा, मग घाला

आमच्या गल्लीतल्या मंडळानं एका वर्षी गणपतीला सगळ्या कार्यकर्त्यांसाठी कॉलरचे टी-शर्ट करायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. कारण एवढंच, की माझे मामा बेळगावच्या वडगावात माग चालवायचे, म्हणजे मला कापडातलं कळत असणार! मरून रंग, छातीवर पांढऱ्या अक्षरांत मंडळाचं नाव, एकूण ८५ नग. एक कागद फिरवला, प्रत्येकानं आपापला साइज लिहिला, मी बेरीज करून ऑर्डर दिली. माल आला तो आगमनाच्या आदल्या रात्री. ‘एल’ लिहिलेल्या निम्म्या पोरांच्या बाह्या कोपराला टेकत होत्या. विसर्जनापर्यंत पांढरी अक्षरं गुलाबी पडली. दोनदा धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पोटावर आली.

मामांनी एक टी-शर्ट हातात घेतला, उलटा केला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, “रंग बघून घेतलास होय रे? आत बघायचं होतंस की.”

तेव्हापासून मी आत बघतो. दुकानात टी-शर्ट पुठ्ठा घालून, टाचण्या मारून, कॉलरीखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून ठेवलेला असतो. त्या थाटात स्वस्त काय, महाग काय, सगळे सारखेच दिसतात. खरा कस लागतो दहाव्या धुण्यानंतर. तो कसा निघेल, याचा बराचसा अंदाज दुकानात उभ्या उभ्या घेता येतो, फक्त कुठं हात लावायचा ते माहीत हवं.

घरातून निघण्यापूर्वी टेप

गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात जायच्या आधी घरी पाच मिनिटं द्या. तुमच्याकडं एखादा तरी टी-शर्ट असेल, जो घातला की घरची माणसं ‘हा बरा दिसतोय’ म्हणतात. तो जमिनीवर सपाट पसरा, सुरकुत्या हातानं काढा, ताणू नका. चार मापं घ्या: एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत, एका खांद्याच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत, कॉलरीजवळच्या खांद्यापासून खाली घेरापर्यंत, आणि खांद्याच्या शिवणीपासून बाहीच्या टोकापर्यंत. मोबाइलमध्ये लिहून ठेवा. यापुढं साइजचं लेबल वाचायची फारशी गरज उरत नाही.

असा एकही टी-शर्ट नसेल तर स्वतःची छाती मोजा. टेप बगलेखालून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, श्वास न रोखता. (आमच्याकडं टेप लागली की माणूस पोट आत ओढतो. हा खोटेपणा शेवटी कपड्यावर दिसतो.) छाती ३८ इंच भरली तर नेहमीच्या बेताचा टी-शर्ट ४१ ते ४२ इंचांचा हवा, म्हणजे पसरल्यावर बगल ते बगल साडेवीस ते एकवीस. अंगासरशी आवडत असेल तर एखादा इंच कमी चालतो, कारण हे कापड ताणतं. चार इंचांपेक्षा जास्त सैल झाला की मात्र तो टी-शर्ट अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसतो.

लेबलवरच्या ‘एल’चा किंवा ‘४२’चा सगळीकडं एकच अर्थ नसतो. कुणी अंगाचं माप लिहितं, कुणी कपड्याचं. ‘स्लिम फिट’चा एल आणि ‘रेग्युलर’चा एल यांत दोन इंचांचा फरक सहज निघतो. आमच्या मंडळाचा कागद इथंच फसला. ८५ जणांनी ८५ वेगवेगळ्या कंपन्यांचा एल मनात धरून लिहिला होता. ऑनलाइन मागवतानाही मापाचा तक्ता उघडून तो अंगाचा आहे की कपड्याचा, हे आधी बघा.

कापड: मामांचा विषय

मामांना मी एकदा हौसेनं विचारलं, की हे कापड कुठल्या मागावर निघतं. ते हसले. “मागावर नाही रे. मागावर उभा धागा, आडवा धागा. हे म्हणजे स्वेटरचं भावंड.” खरंच आहे. शहापूर-वडगावच्या साड्या विणल्या जातात त्यात ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात ओलांडतात, म्हणून कापड फारसं ताणत नाही. टी-शर्टाच्या कापडात धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. त्यामुळं ते ताणतं, अंगाशी जमवून घेतं आणि धुतल्यावर आटतं, पिळतंही. होजिअरीचं हे काम देशात सर्वांत जास्त तमिळनाडूतल्या तिरुपूरला चालतं. आपल्या बाजारातले बरेचसे कॉलरचे टी-शर्ट तिकडूनच येतात.

हात लावल्यावर बारीक खाचाखाचा, मधमाशांच्या पोळ्यासारख्या लागल्या तर ते पीके. आपले दुकानदार त्याला मॅटी म्हणतात. विणताना ठरावीक जागी जुन्या फासावर नवा फास चढवल्यामुळं त्या खाचा उठतात. त्यात हवा खेळते, कापड घामानं पाठीला चिकटत नाही आणि कॉलरचा भार नीट पेलतं. गुळगुळीत, पातळ, साध्या टी-शर्टासारखं असेल तर ते जर्सी. जर्सीचा कॉलर टी-शर्ट पहिल्या दिवशी मऊ वाटतो, पण पोटाचा प्रत्येक वळसा दाखवतो, आणि जड कॉलरनं गळ्याशी ओघळतो. पहिलाच घेत असाल तर मॅटी घ्या.

आता जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मॅटीत १८० ते २०० म्हणजे हलकं, २२० च्या आसपास मध्यम, २४० म्हणजे जाड. जाड म्हणजे भारी, हा समज आपल्याकडं फार घट्ट बसलाय. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात २४० चा टी-शर्ट घालून दुपारी बाजार करून बघा! आणि बेळगाव-खानापूरकडं जुलैत पाऊस धरला की जाड सुती टी-शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही, मग त्याला तो ओळखीचा कुबट वास लागतो. मी पावसाळ्यासाठी २०० च्या आसपासचं, थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं घेतो आणि थंडीसाठी शुद्ध सुती २२०. बऱ्याच लेबलांवर जीएसएम नसतो. मग माझी घरगुती खूण अशी: मध्यम मापाचा, मध्यम जाडीचा टी-शर्ट काट्यावर साधारण पाव किलोच्या आसपास भरतो. त्याहून फार हलका असेल तर उजेडासमोर धरा, पलीकडचा हात दिसेल.

वजनापेक्षा सूत महत्त्वाचं. कापसाचे आखूड तंतू विंचरून काढून टाकलेलं सूत म्हणजे कोम्ब्ड. ते न काढलेलं म्हणजे कार्डेड. आखूड तंतूंची टोकं कापडाबाहेर डोकावतात आणि घासून त्यांचेच बोंडाळे, गोळे होतात. कापडाला अंगठ्यानं वीस-पंचवीस वेळा एकाच जागी चोळा. लव उभी राहिली तर दोन महिन्यांत बगलेखाली गोळे धरा. लेबलवर ‘बायोवॉश’ असलं तर कापडावरची ती लव एन्झाइमनं खाऊन काढलेली असते. चांगलं लक्षण आहे, पण निकृष्ट सूतही त्यानं काही दिवस गुळगुळीत दिसतं, म्हणून चोळून बघायचं सोडू नका.

लांब धाग्याच्या कापसाची गोष्ट निघाली की आम्ही सीमेवरची माणसं उगाच इजिप्तचं नाव घेतो. ‘डीसीएच-३२’ हा लांब धाग्याचा संकरित वाण १९८१ साली आपल्या शेजारी धारवाडातच निघाला. बैलहोंगल-सौंदत्तीची काळी जमीनही कापसाचीच. एवढा कापूस दारात असून टी-शर्ट मात्र तिरुपूरहून आणायचा, ही वेगळी गोष्ट.

मर्सराइज्ड हा शब्दही दिसतो. सुती कापडावर किंवा धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात, त्यानं धागा फुगतो, चकाकी येते आणि रंग खोलवर धरतो. जॉन मर्सर या इंग्रजानं १८४४ मध्ये ही रीत शोधली. लग्नाकार्यात पँटमध्ये खोचून घालायचा असेल तर हा छान दिसतो. रोजच्या वापराला मी त्याचे जादा पैसे देत नाही.

मिश्रणात ‘पीसी मॅटी’ म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस, ‘स्पन मॅटी’ म्हणजे दिसायला सुतीसारखं पण सगळं पॉलिएस्टर. दुकानदार दोन्हींना ‘कॉटनच आहे की’ म्हणतो. शंका असेल तर घरी आणल्यावर शिवणीतला सुटा धागा काढून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे कापूस. वितळून कडक काळा मणी झाला की पॉलिएस्टर. पॉलिएस्टर वाईट असं नाही. उद्यमबागेत फौंड्रीच्या ऑफिसात बसणाऱ्याला रोज धुवून रोज घालायला पीसी मॅटी सोयीची. पण भट्टीजवळ काम करणाऱ्यानं सुतीच घालावं, कारण ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

आरशासमोर

ट्रायल रूममध्ये आपण पोट बघतो. खांदा बघा. बाहीची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. ती दंडावर उतरली तर टी-शर्ट मोठा, गळ्याकडं चढली तर लहान. पोट असलेली माणसं नेमकी इथं चुकतात. पोट झाकायला एक साइज वर जातात आणि खांदे, बाह्या, कॉलर सगळंच ओघळतं. खांदा जमेल तोच साइज घ्या, फक्त ‘स्लिम’ सोडून ‘रेग्युलर’ मागा आणि बाजूला चीर असलेला बघा. तरीही पोटाशी ताणत असेल तर ती कंपनी तुमच्यासाठी नाही, दुसरी बघा. बाजू शिंपी आत घेऊ शकतो, खांदा मात्र सहसा कुणी हातात घेत नाही.

बाही दंडाच्या मधोमध संपावी आणि आत दोन बोटं जावीत. कोपरापर्यंत आली की शाळेचा पीटीचा ड्रेस. कडेची रिब दंडावर रुतून वळ उठवत असेल तर तोही नको.

सगळी बटणं लावा. नंतर वरचं उघडंच ठेवणार असाल तरी आत्ता लावा. कॉलरीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि मागं मानेला कॉलर लागून बसली पाहिजे, मध्ये फट नको. मग दोन्ही हात वर करा, सिटी बसमध्ये वरचा दांडा धरल्यासारखे. घेर पट्ट्याच्या वर चढून बेंबी दिसली तर लांबी कमी आहे, किंवा मुंढा, म्हणजे बाही जोडायची बगलेची कापणी, खोल आहे. मुंढा खोल असला की उभं असताना मोकळं वाटतं, पण हात वर गेला की सगळा टी-शर्ट त्याच्याबरोबर वर जातो.

बाहेर सोडून घालायचा असेल तर घेर पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत यावा. खोचायचा असेल तर आणखी दोन इंच. काहींचा मागचा घेर पुढच्यापेक्षा लांब असतो, तो शिलाईतला दोष समजून परत करू नका. कॉलरच्या टी-शर्टाला पोलो म्हणतात, पण नाव जरी पोलो असलं तरी तो घडला टेनिसच्या मैदानावर. रने लाकोस्त या फ्रेंच खेळाडूनं १९२६ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत लांब बाहीचा कडक शर्ट टाकून आखूड बाहीचा पीकेचा शर्ट घातला, आणि १९३३ पासून तसे शर्ट विकायला काढले. वाकून-पळून खेळताना शर्ट पँटमधून निसटू नये म्हणून मागची बाजू लांब. आपण तो बाहेर सोडून घालतो आणि मागचं शेपूट विचित्र दिसतं म्हणतो, तो भाग वेगळा!

आता उलटा करा

इथं दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू द्या.

पहिली गळ्याची पट्टी. मागच्या बाजूला कॉलर जिथं जोडलीय तिथं शिवण झाकणारी सुती पट्टी हवी, आणि ती दोन्ही खांद्यांपर्यंत गेलेली असली तर फारच उत्तम. नुसतं ओव्हरलॉक, म्हणजे कड गुंडाळणारी जाळीदार शिलाई, दिसलं तर खांदे ताणत जातील आणि मानेला खाज सुटेल ती वेगळी.

मग बटणपट्टी. वरची आणि खालची पट्टी एकमेकींवर तंतोतंत बसते का, खालच्या टोकाला चौकोनी पक्की शिवण आहे का, आतलं अस्तर चिकटवलेलं असेल तर त्याला बुडबुडे आलेत का. पट्टी आत्ताच कणभर तिरकी असेल तर धुतल्यावर ती सरळ व्हायची नाही. बटणाला हलका हिसका द्या. काजाची कड सुट्या धाग्यांनी पिंजारलेली असेल तर तिथून उसवणार.

कॉलर बहुतेक वेळा वेगळी विणून आणून जोडतात. दोन्ही टोकं जुळवून बघा, लांबी सारखी हवी. एक टोक बोटानं दुमडून सोडा. झटकन सरळ झालं तर दम आहे, तसंच मरगळून राहिलं तर तिसऱ्या धुण्याला पापडासारखं वळणार. कॉलरीचा रंग आणि अंगाचा रंग दुकानाबाहेर उजेडात ताडून बघा. ट्यूबलाइटखाली एकच दिसणारे दोन काळे रंग उन्हात वेगळे निघतात.

शेवटी बाजूची शिवण. टी-शर्ट खांद्यांना धरून लटकवा. शिवण बगलेपासून सरळ खाली आली पाहिजे. नव्यातच ती पुढं सरकत असेल तर कापडाला पीळ आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी ठेवून द्या. शिलाईत एका इंचात दहा-बारा टाके हवेत. मोजायला जमलं नाही तर शिवण दोन्ही बाजूंनी ओढा, मध्ये दात दिसायला नकोत.

गडद रंग घेत असाल तर पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर चोळा. रंग उतरला तर तो तुमच्या बनियनवर आणि धुण्यातल्या बाकी सगळ्यांवर उतरणार. हे सगळं करून मग भावाचं बोला. आपल्याकडं मराठीत सुरू झालेलं बोलणं कानडीतल्या ‘स्वल्प कम्मी माड्री’वर, म्हणजे ‘थोडं कमी करा’वर गेलं की बऱ्याचदा गाडी पुढं सरकते. पण धुतल्यावर आटला तर बदलून मिळेल का, हे बिल फाडायच्या आधी विचारा.

पहिलं धुणं

आटण्याचा हिशेब ठेवा. सुती होजिअरी कापड आधी आटवून घेतलेलं नसेल तर लांबीत पाच टक्के सहज जातं. २८ इंचांवर म्हणजे जवळजवळ दीड इंच. म्हणून दुकानात काठावर बसणारी लांबी घेऊ नका.

गार पाण्यात, उलटा करून, बटणं लावून धुवा. ओला टी-शर्ट खांद्याला चिमटे लावून टांगला की पाण्याच्या वजनानं लांबतो आणि खांद्यावर दोन शिंगं उगवतात. दोरीवर मधोमध घडी टाकून वाळत घाला, सावलीत. पावसाळ्यात गॅलरीतल्या दोरीवर दोन टी-शर्टांमध्ये वीतभर जागा सोडा. कॉलर किंचित ओलसर असतानाच, आतल्या बाजूनं टोकांकडून मध्याकडं इस्त्री फिरवा. कॉलर वळायची जी तक्रार सगळे करतात, ती यानं निम्मी मिटते.

लांबी किंवा बाजू कमी करायची असेल तर दोन-तीन धुण्यांनंतरच शिंप्याकडं न्या. त्याच्याकडं ओव्हरलॉक मशीन आहे का आणि होजिअरीची गोल टोकाची सुई लावतो का, हे विचारा. साध्या टोकदार सुईनं कापडाचे फास तुटतात आणि शिवणीला लागून बारीक भोकं पडत जातात.

मंडळ, कारखाना, शाळा

घाऊक घेताना वरचं सगळं लागू आहेच, पण साइज कागदावर लिहून घेऊ नका. पुरवठादाराकडून एस ते डबल एक्सएलपर्यंतचा एकेक नग मागवा आणि प्रत्येकाला अंगात घालायला लावून मग नोंद करा. नमुन्याचा एक नग तीन वेळा धुऊन, आधीची-नंतरची मापं मांडा. जीएसएमची खात्री हवी असेल तर १०० चौरस सेंटिमीटरची गोल चकती कापून सोनाराच्या काट्यावर तोला. २.२ ग्रॅम भरली म्हणजे २२० जीएसएम.

आमची अक्षरं गुलाबी का पडली, तेही नंतर कळलं. कापड स्पन मॅटी, म्हणजे पॉलिएस्टर. त्याचा रंग उष्णतेनं वाफ होऊन वर चढतो आणि पांढऱ्या छपाईत मुरतो. छपाई पक्की करताना भट्टी जास्त तापली, की मरूनवरचं पांढरं गुलाबी झालंच म्हणून समजा. गडद पॉलिएस्टरवर पांढरं हवं असेल तर रंग रोखणारा अस्तराचा थर मागा, किंवा भरतकाम करा. भरतकामाला कापड दोनशेच्या वरचं हवं, नाहीतर अक्षरांभोवती चुण्या पडतात. आणि भरतकामाच्या मागं आतून लावलेला टोचणारा कागद नीट कापून घ्यायला सांगा.

पुढच्या खेपेला ऑर्डर दोन महिने आधी दिली. सुती मॅटी, २२०, छातीवर छोटंसं भरतकाम. नमुना घेऊन वडगावला गेलो. मामांनी चष्मा लावला, टी-शर्ट उलटा केला, शिवण ओढली, कॉलरीचं टोक दुमडून सोडलं, खिडकीकडं धरून बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“घे हा,” शेवटी म्हणाले, “बटणं तेवढी घरी परत टाचून घ्यायला सांग सगळ्यांना.”